संस्कृतचं आठवं नाव

नथ्थू नवल पाटील डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जंगलखात्याच्या रेंज कचेरीत कारकून लागला, त्याला आता पाच वर्षं होत आली होती. त्या पाच वर्षांत गोवाल त्याच्या घरी सात-आठ वेळा तरी आला असेल. यायचा, ओट्यावर बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा. जेवायचं नाव काढलं की पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "पोट भरेल शे." आता बघा, काठी गावाच्या पलीकडल्या पाड्यावरून दोन दिवस चालत आलेला माणूस, त्याचं पोट कसलं भरलेलं असणार? नथ्थूची बायको मंगला चिडायची. "तुमना हाऊ दोस्त आपला घरनं अन्न काबर खात नही? आपण काय त्याले वाईट दिसतस?" नथ्थू म्हणायचा, "लाजाळू आहे तो," आणि कचेरीचं काम निघाल्यासारखं करून उठून जायचा.

गोवाल लाजाळू नव्हता आणि नथ्थूला ते चांगलं ठाऊक होतं. तो का खात नाही याचा एक अंदाज नथ्थूच्या मनात होता, पण त्या अंदाजाच्या जवळ जायची त्याची छाती नव्हती.

एकेचाळीस सालच्या जूनमध्ये एका सकाळी गोवाल आला तो एकटा नव्हता. बरोबर त्याचा धाकटा भाऊ उदेसिंग होता, चौदा वर्षांचा, काटक, डोक्याला तेल चोपडलेला. हा उदेसिंग नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत, म्हणजे नथ्थू आणि गोवाल ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिकत होता आणि आता इंग्रजी चौथीत गेला होता. गोवालनं बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि नथ्थूच्या पुढ्यात ठेवला. कागद कसला आहे ते घडी उलगडायच्या आतच नथ्थूनं ओळखलं.

"दुसरी भाषा लिहानी शे," गोवाल म्हणाला. "संस्कृत का फारसी. एकदाव लिही दिधं का मॅट्रिकलोंग तेच. तू सांग काय लिहू. तुले यामानं समजस."

तुला यातलं समजतं! दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर नथ्थूला टोमणा वाटला असता. गोवालला टोमणे मारता येत नसत, हीच तर पंचाईत होती.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. साल एकतीस. नथ्थू आणि गोवाल शाळेच्या बोर्डिंगात एका खोलीत राहायचे, एका पेटीवर वह्या ठेवायचे. नथ्थू तापीकाठच्या गावचा, बापाची चाळीस बिघे काळी जमीन. गोवालचा बाप लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायचा. त्या वखारीत एक म्हातारे मुन्शी होते. ते ओंडक्यांवर कोळशानं उर्दू अक्षरांत खुणा करायचे, आणि तेव्हा पाच-सहा वर्षांचा असलेला गोवाल मागे बसून तीच अक्षरं मातीत काढायचा. मुन्शींनी गंमत म्हणून त्याला अलिफ-बे शिकवलं. गंमत वाढत गेली. शेवटी मुन्शींनीच हेडमास्तरांना चिठ्ठी लिहून त्याला शाळेत घालायला लावलं. म्हणजे गोवालला मराठीची बाराखडी यायच्या आधी ती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं येत होती. शाळेत फारसी शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "चौथीत आलास की थेट माझ्याकडे ये. तुला पास करणं म्हणजे काही कामच नाही."

आणि पास होणं म्हणजे गोवालच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. डोंगरातली माणसं कचेरीत येत, कागदावर अंगठा उठवत आणि परत जात. कागदात काय लिहिलंय ते त्यांना नंतर भोगताना कळायचं. रेंजरसाहेबांनी हेडमास्तरांना सांगून ठेवलं होतं की डोंगरची बोली जाणणारा कुणी मॅट्रिक झाला तर त्याला कचेरीत घेतो. पाड्यावर हे सगळ्यांना माहीत होतं. आपला माणूस कचेरीत बसणार, अंगठ्याआधी कागद वाचून दाखवणार, म्हणून गोवालच्या मॅट्रिककडे सगळा पाडा डोळे लावून बसला होता.

इकडे नथ्थूची तऱ्हा निराळी. त्याच्या बापानं, नवल पाटलानं, एकदा धुळ्याच्या कोर्टात एका वकिलाला धडाधड श्लोक म्हणताना ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात भूत शिरलं. "मन्हा पोऱ्या संस्कृत शिकी. दुसरंच काही शिकानं व्हई ते घर ये, नांगर धर." नथ्थूला संस्कृत यायची सुतराम शक्यता नव्हती, पण नांगर धरायचीही इच्छा नव्हती.

पंचाईत अशी झाली की त्या वर्षी संस्कृतला सातच नावं आली. हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं, "आठ मुलं झाली तरच चौथीचा संस्कृत वर्ग चालेल. नाहीतर सगळ्यांनी फारसी घ्यायची." शाळेचा तसा नियमच होता. मुदत पोळ्यानंतरच्या सोमवारपर्यंत.

पोळ्याला नथ्थू गोवालला आपल्या गावी घेऊन गेला. दरवर्षी न्यायचा, पण त्या वर्षी मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. नथ्थूची आई दगूबाई खापरावरच्या पुरणपोळ्या करायची, हातभर रुंद, ओढणीसारख्या तलम. गोवालला तिनं आग्रह करकरून वाढलं. "खाय रे भाऊ, लाजू नको. नथ्थूना दोस्त म्हणजे मन्हाच पोऱ्या." गोवालनं तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी ताटात पडली तेव्हा नथ्थूनं तोंड उघडलं.

"गोवाल, तू संस्कृत ले ना. एक नाव कमी पडी ऱ्हायनं. वर्ग नही चालना ते बाप माले शाळामाईन काढी लेई."

गोवालचा हात ताटातच थांबला. "माले फारसी येस थोडी. मौलवीसाहेबनी सांगेल शे."

"मी शिकाडसू ना तुले. दोन्ही मिळीसन करूत."

काय थाप होती ती! स्वतःला अक्षर येत नाही आणि हा शिकवणार. गोवालनं ताटातली पोळी दुमडली. मग म्हणाला, "लेसू." आणि चौथी पोळी त्यानं संपवली.

परतताना बैलगाडीत त्यानं एक गोष्ट सांगितली, अगदी सहज. "आमना घरमा असं शे नथ्थू. कोणाना घरनं अन्न खाईसन शब्द दिधा, ते तो शब्द त्याना. त्यानी परत दिधा तरच आपला." नथ्थूनं मान डोलावली. सोमवारी संस्कृतच्या यादीत आठवं नाव लागलं.

इथपर्यंत जे झालं त्याला एक वेळ पोरकटपणा म्हणता येईल. मित्राकडे अडचण सांगितली, मित्रानं ऐकलं. नथ्थू स्वतःची समजूत घालायचा तेव्हा गोष्ट इथेच थांबवायचा. पुढचं आठवायचं नाही, असा त्यानं मनाशी कायदाच केला होता.

पुढचं असं. नवरात्रात मामलेदार कचेरीत एक नवे अव्वल कारकून बदलून आले. त्यांची दोन मुलं शाळेत दाखल झाली आणि दोघांनी संस्कृत घेतलं. आठाचे दहा झाले. दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस हेडमास्तरांनी नथ्थूला बोलावलं. गोवाल तेव्हा कापणीसाठी घरी गेला होता.

"नथ्थू, मौलवीसाहेब म्हणतात तो गोवाल फारसीत चमकला असता. आता संख्येची अडचण नाही. सुट्टीनंतर पहिल्या दिवसापर्यंत बदलू देतो. त्याला विचार आणि मला सांग."

आता इथे शास्त्रीबुवांच्या वर्गाबद्दल सांगितलं पाहिजे. शास्त्रीबुवा माणूस वाईट नव्हते, पण शिस्तीचे. दर शनिवारी परीक्षा घ्यायचे आणि मार्कांप्रमाणे बसवायचे. पहिला त्यांच्या गादीशेजारी, शेवटचा उंबऱ्याजवळ. आठवडाभर रोज सकाळी त्या शेवटच्यानं उभं राहून रूपं म्हणायची. चुकला की उंबऱ्याबाहेर. आणि बाहेरून सगळी शाळा जायची-यायची. दोन महिन्यांत उंबऱ्याजवळची जागा एकदाही बदलली नव्हती. तिथे गोवाल बसायचा. त्याच्या अलीकडे नथ्थू.

नथ्थूनं हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर येऊन हिशेब केला नाही की विचार केला नाही. त्याला फक्त तो उंबरा दिसला आणि त्यावर आपण दिसलो. गोवाल गेला तर नवीन आलेली दोघं हुशार, बाकीचे सहा पुढचे. मग उरतं कोण?

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी व्हरांड्यात विचारलं, "काय रे, विचारलंस?"

"विचारलं सर," नथ्थू म्हणाला. "तो नको म्हणतो."

बस, एवढं एक वाक्य. बोलायला पळभरसुद्धा वेळ लागला नाही.

सुट्टीवरून येताना दगूबाईनं डबाभर शेव-लाडू बरोबर दिले होते. त्याच रात्री नथ्थूनं डबा उघडून गोवालपुढे धरला. गोवालनं डब्याकडे पाहिलं, नथ्थूकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोट भरेल शे." तेव्हापासून त्यानं नथ्थूच्या घरच्या अन्नाला हात लावला नाही.

मग साडेतीन वर्षं गोवाल उंबऱ्याजवळ बसला. पहाटे उठून देवः देवौ देवाः घोकायचा, आंघोळ करताना घोकायचा, सुट्टीत घरी गेला की ढोरांमागे घोकायचा. पाठ व्हायचं, पण वाक्य समोर आलं की सगळं विस्कटायचं. नथ्थूला त्यानं मधल्या काळात पावरी, म्हणजे डोंगरची बोली, बोलायला शिकवली, खोलीत पडल्या पडल्या, गमतीनं. नथ्थूनं त्याला संस्कृत शिकवलं नाही. येतच नव्हतं तर काय शिकवणार. रोज रात्री निजताना नथ्थू ठरवायचा, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आता महिना गेला, आता सहा महिने गेले, आता फारसीचा वर्ग किती पुढे गेला, आता सांगून काय उपयोग. असं करता करता पस्तीस सालचा मार्च आला आणि दोघं धुळ्याला परीक्षेला बसले.

नथ्थू संस्कृतात छत्तीस मार्कांनी सुटला. गोवाल गणितात पहिल्या पाचांत होता, इंग्रजी, मराठी, इतिहास, सगळ्यात पास. संस्कृतात सत्तावीस. एका विषयात गेला म्हणजे सगळ्यातच गेला. त्या वर्षी फारसीची झाडून सगळी मुलं पास झाली. निकाल बघायला आलेल्या मौलवीसाहेबांनी गोवालच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

पुढल्या वर्षी तो पुन्हा बसला, पाड्यावर एकट्यानं अभ्यास करून. एकतीस मार्क पडले. चार कमी. रेंजरसाहेबांनी वर्षभर जागा धरून ठेवली होती, यापुढे त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी हेडमास्तरांना दुसरं नाव विचारलं. डोंगरची बोली जाणणारा मॅट्रिक. हेडमास्तरांना एकच आठवला.

"पावरी येते का?" रेंजरसाहेबांनी विचारलं होतं.

"येते," नथ्थू म्हणाला होता. कुणी शिकवली ते त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. गोवालच्या खुर्चीत नथ्थू जाऊन बसला. जागा मिळाल्याचं कळल्यावर गोवाल मुद्दाम डोंगर उतरून आला होता. "बरं व्हयनं," म्हणाला. "तू कागद वाची दाखाडशी आमना लोकले." नथ्थूनं ते मात्र पाळलं. एकाही माणसाला त्यानं न वाचता अंगठा उठवू दिला नाही. लोक त्याला दुवा द्यायचे आणि प्रत्येक दुवा त्याला टोचायची, कारण ती चुकीच्या पत्त्यावर आलेली असायची.

आणि आता तोच गोवाल समोर बसून विचारत होता, काय लिहू.

"पोरगा काय म्हणतो?" नथ्थूनं विचारलं.

"तो संस्कृत म्हणस," गोवाल म्हणाला. "मी ढोरंमांगे घोकत फिरू तवय हाऊ धाकला मना मांगे राहे. त्याले समदं पाठ शे. माले भ्या वाटस नथ्थू. मना जीव ज्यामा गया त्यामाच हाऊ जाई का काय. म्हणीसन त्याले तुनाकडे लई उनू. तू नको म्हणशी ते तो ऐकी."

उदेसिंग खाली मान घालून अंगठ्यानं ओट्याची माती उकरत होता. नथ्थू त्याच्याकडे बघत राहिला. आज जर आपण या पोराला काही सांगितलं, हे घे किंवा ते घेऊ नको, तर पुन्हा एकदा आपल्या शब्दावर एक माणूस चार वर्षं काढणार. त्यानं कागद गोवालकडे परत सरकवला.

"गोवाल, मी सांगू नये. मला अधिकार नाही," तो म्हणाला. पुस्तकी मराठीत बोलत होता, घाबरला की तो तसा बोलायचा. "तुला फारसीत जाता येत होतं. चौथीच्या दिवाळीत हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं, गोवालला विचार म्हणून. मी तुला विचारलं नाही. त्यांना सांगितलं, तो नको म्हणतो. तू गेलास तर उंबऱ्याजवळ मला बसावं लागलं असतं. तेवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं."

बोलून झालं. नथ्थूला वाटलं, आता हा उठेल. कागद घेऊन जाईल. पायातलं काढून मारलं तरी चालेल.

गोवाल उठला नाही. पाण्याचा तांब्या बाजूला सरकवून म्हणाला, "माले माहीत शे."

"काय माहीत शे?"

"त्याच दिन हेडमास्तरनी माले बलावं. म्हणे, नथ्थू म्हणस तू नको म्हणना, खरं शे का? मी म्हटलं, व्हय सर."

नथ्थूला पहिल्यांदा समजलंच नाही. "तू व्हय म्हणालास? का?"

"नही म्हटलं असतं ते तुले छडी बसती. खोटं बोलना म्हणीसन." गोवालनं उदेसिंगकडे पाहिलं. "आनी शब्द तुनाकडे व्हता. मी कसा काय मांगू? म्हटलं, आज सांगी. उद्या सांगी. मॅट्रिकना फॉर्म भरालोंग मी वाट पाही. धुळाले जातानी मोटरमा पण पाही. तू खिडकीमाईन बाहेर पाही ऱ्हायंता."

तो हे रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर नथ्थूला सोसलं असतं. रोज रात्री तीन हातांवर निजलेला हा माणूस जागा होता, आपण बोलू म्हणून वाट बघत होता, आणि आपल्याला वाटत होतं की त्याला काही ठाऊक नाही. नथ्थूनं उपरण्यात तोंड लपवलं. बायको आतून बघते आहे याचीही त्याला लाज वाटली नाही.

मग गोवाल म्हणाला, "आते तरी दे."

"काय देऊ?"

"मना शब्द."

नथ्थूनं तोंड पुसलं. एवढंसं वाक्य, एकतीस साली व्हरांड्यात बोलायचं राहिलेलं, ते त्यानं आता जून महिन्याच्या उन्हात, दोन मुलांचा बाप झालेल्या गोवालपुढे म्हटलं. "गोवाल, संस्कृतना शब्द मी तुले परत दिधा. तू मोकळा शे."

गोवालनं मान हलवली. कुणी डोक्यावरचा भारा उतरवून घेतल्यावर माणूस हलवतो तशी.

तेवढ्यात मंगला आतून आली. तिनं सगळं ऐकलं असणार, डोळे लाल होते. तिनं तीन ताटं आणून ओट्यावर मांडली. कळण्याची भाकर, उडदाची डाळ, ठेचा. उदेसिंग पहाटेपासून उपाशी होता. त्यानं लगेच भाकरीकडे हात नेला.

गोवालनं त्याचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "पहिले कागद लिही. मंग खाय."

पोरानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. नथ्थूनं कचेरीचा टाक आणि दौत त्याच्या पुढ्यात सरकवली आणि स्वतः तोंड दुसरीकडे फिरवलं. टाकाची कुरकुर ऐकू आली. उदेसिंगनं लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद घडी करून बंडीत ठेवला. काय लिहिलं ते नथ्थूनं विचारलं नाही. गोवालनंही विचारलं नाही.

मग पोरगा जेवायला लागला. गोवालनं आपलं ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडाशी नेताना थांबून नथ्थूकडे पाहिलं.

"काही मांगानं शे का?"

"नही," नथ्थू म्हणाला. "काहीच नही."

गोवालनं घास खाल्ला. नथ्थूच्या ताटातली भाकर तशीच राहिली.